चार किलोमीटर बर्फ आणि परतीची तीन तिकिटं

माझ्या वर्षाला सातवा महिना लागल्याचं कळलं त्या दिवशीच मी मनाशी पक्कं केलं, की पोरीला घरी आणायचं. पहिलं बाळंतपण माहेरी. त्यात विचारायचं काय?

पण माझी लेक राहते हिमाचलात. कुल्लूच्या वर, मुख्य रस्त्यापासून आत गेलेल्या एका खोऱ्यात. गावच्या आरोग्य उपकेंद्रात ती नर्स आहे आणि दोन वर्षांपूर्वी तिथल्याच मुलाशी तिचं लग्न झालं. जानेवारीत त्या गावाचा रस्ता बर्फाखाली जातो आणि शेवटचे चार किलोमीटर पायी जावं लागतं. (गावाचं नाव लिहायचं नाही, अशी तिची ताकीद आहे. "आई, तुझं वाचून लोक येतील आन कचरा करून जातील.")

नव्या वाचकांसाठी सांगते. मी सिहोऱ्याची. शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून झालं. मोबाइलवर लिहायला लेकीनं शिकवलं आणि हे पानही तिनंच उघडून दिलं. आतापर्यंत इथं चांदपूरचा तलाव झाला, गायमुख झालं, आंबागडचा किल्ला झाला. बर्फ मी फक्त रसवंतीवर फोडताना पाहिला होता.

फोनवर वर्षा म्हणाली, "आता येऊ नोको. उन्हाळ्यात ये, तेव्हा गाडी दारापर्यंत येते."

"उन्हाळ्यात येऊन काय करू? तोवर पोट्टं रांगाले लागंल."

जावई ट्रेकिंगवाल्यांना घेऊन महिनाभर दुसऱ्या खोऱ्यात गेलेला. घरात सासू-सासरे, दोघं साठीच्या पुढचे. दाराबाहेर कमरेएवढा बर्फ. मला झोप कशी लागावी? डॉक्टर सातव्यात प्रवासाला हो म्हणतात, हे मी गावातल्या दवाखान्याच्या मॅडमकडून विचारून घेतलं आणि शेजारच्या दुकानातून तिकिटं काढून आणली. जातानाची दोन, परतीची तीन. तिसऱ्याचं वर्षाला सांगितलं नाही. आमच्या ह्यांना सांगितलं, तर ते जाळ्याची गाठ मारता मारता म्हणाले, "तिले इचारलं का?"

"तिले काय इचारायचं?"

"मंग ठीक आहे," म्हणाले आणि पुढची गाठ मारायला लागले. चाळीस वर्षं तलावात जाळं टाकणारा माणूस. वाट पाहायची सवय आहे त्यांना.

सिहोरा ते कुल्लू

सकाळच्या बसनं तुमसर, तुमसर रोड स्टेशनवरून गाडीनं नागपूर, नागपुरातून दिल्ली. दिल्लीहून कुल्लूकडे जाणाऱ्या बसगाड्या खूप आहेत. आरामाच्या बसचे पैसे थोडे जास्त लागतात, पण आमच्या वयाच्यांनी तेवढे खर्च करावेत. घाटात पोट ढवळतं. पुढची जागा मागून घ्या आणि जवळ आवळकाठी ठेवा.

सामानात तिळाचे लाडू, चिवडा, ओटीचं सामान आणि आमच्याच बांधीतल्या, म्हणजे भातशेतातल्या, नव्या धानाचे तांदूळ होते. शिवाय ह्यांनी ईवायासाठी तलावातले सुकवलेले झिंगे (बारीक कोळंबी) घेतले होते. आमच्याकडे व्याह्याला ईवाई म्हणतात आणि विहिणीला ईहीन. लग्नात ईवायांना आमचे झिंगे फार आवडले होते. पण बंद बसमध्ये त्या वासानं अर्ध्या लोकांनी नाकाला रुमाल लावले. पुढच्या बाईनं विचारलं, "भैया, ये बदबू कहाँ से आ रही है?" आमचे हे शांतपणे म्हणाले, "बाहर से." बाहेर तेव्हा नुसती बर्फाची शिखरं होती.

कुल्लूला एक दिवस मुक्काम केला. बाजारात बर्फाचे बूट भाड्यानं मिळतात. आम्हाला दिवसाला दोनशेनं मिळाले. बूट घेताना दोन मोजे घालून मापाचे पाहा. सुती मोजे नकोच, ओले झाले की पाय गारठतात, लोकरीचे घ्या. रंगीत लांब कोट लोक गळ्यात मारतात, तो घेऊ नका. त्यात चालताना पाय अडकतात. मी नऊवारी नेसते, ती वर खोचून आत लेकीनं सांगितलेली गरम विजार घातली. आरशात पाहिलं तर रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, निघालेली बाई दिसत होती. मला बरं वाटलं.

जिथं रस्ता संपतो

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपनं वर गेलो. एका वळणावर बर्फाची भिंत उभी होती आणि रस्ता तिथं संपला. भिंतीपाशी ईवाई उभे होते. डोक्यावर कुल्लूची टोपी, हातात काठी, पाठीवर चार जाळीदार फळ्या.

त्या फळ्या म्हणजे स्नोशू. बुटासकट पाय त्यावर ठेवून पट्ट्यांनी आवळून बांधायचा. खाली लोखंडी दाते असतात, ते बर्फात रुततात आणि माणूस घसरत नाही. फळी रुंद असल्यानं वजन पसरतं आणि माणूस बुडत नाही. पर्यटकांसाठी जावयानं घेऊन ठेवलेल्या, म्हणून आम्हाला फुकट मिळाल्या. एरवी भाड्यानं मिळतात. चालताना पाय जरा फाकवून टाकायचे, नाहीतर आपलीच फळी आपल्याच फळीवर पडते. आणि पाठमोरं, मागं मागं चालायचं नाही. आमच्या ह्यांनी पहिल्या पाच मिनिटांत दोन्ही करून पाहिलं.

"बसले का?" मी विचारलं.

"बसलो नाही. पाहून राहिलो, कसा आहे तर."

ईवायांनी त्यांना उठवलं आणि आम्हा दोघांकडे पाहून एकच गोष्ट सांगितली. "बहनजी, बीच में चलना. बस बीच में."

आमचे हे कपडे झटकत म्हणाले, "हमारी फिकर मत करो. हम तो चिखलमेंच पैदा हुए." ईवायांना चिखल कळला नाही, पण ते हसले.

वाटेची अवस्था नीट लिहिते, कारण जाणाऱ्यांना तेच हवं असतं. सकाळी नऊला निघालो तेव्हा वरचा बर्फ रात्रीच्या थंडीनं कडक झालेला. पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज येतो. अकरानंतर ऊन चढलं की तोच बर्फ भिजलेल्या साखरेसारखा होतो, फळीला चिकटतो आणि पाय मणाचा होतो. म्हणून सकाळी लवकर निघा आणि दुपारच्या आत पोचा. पहिला दीड किलोमीटर सपाट, देवदारांच्या मधून जातो. मग एक ओढा लागतो. त्यावर लाकडी पूल आहे, त्याची कडा दिसत नाही, काठीनं चाचपून जा. पुढं डाव्या हाताला उघडी उतरण येते, वर एकही झाड नाही. ईवाई म्हणाले, जिथं झाड नाही तिथं वरून बर्फ घसरतो, म्हणूनच तिथं झाड टिकत नाही. ती जागा एकेकट्यानं ओलांडायची. थांबायचं नाही, बोलायचं नाही. नवा बर्फ पडल्यावर एक दिवस तिकडे फिरकायचंच नाही. मी ती जागा मनात देवाचं नाव घेत ओलांडली. पलीकडे जाऊन मागं पाहिलं तर ह्यांचेही ओठ हलत होते.

एक गोष्ट मला चालताना जाणवत होती. आमच्या पायाखालची वाट रुंद होती. पुढं एक, मागं एक असे सगळे चालतात, पण दोन माणसं खांद्याला खांदा लावून जातील एवढी ती दाबलेली. आणि आत काठी खुपसली की वीतभर खाली टणक लागायचं, जमिनीवर टेकल्यासारखं. वाटलं, रहदारी असेल. मग लक्षात आलं, आम्हाला वाटेत एकही माणूस भेटला नव्हता.

माझी चूक

ती उघडी उतरण ओलांडल्यावर एक छोटा चढ आहे. दमले होते. बाजूला एक मोठा देवदार होता, फांद्या खाली टेकलेल्या. आता आमची रीत अशी, की बांधीत चिखल खोल लागला तर धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, झाडाकडे सरकायचं. मुळ्यांनी माती धरलेली असते, तिथं पाय ठरतो. सात वर्षांची असल्यापासून रोवणा करते आहे. पायाला कोणी विचारत नाही, पायच ठरवतो. मी वाट सोडून दोन पावलं झाडाकडे टाकली.

दुसरं पाऊल पडलं आणि मी गेले. एका दमात छातीपर्यंत.

बर्फात उलटं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. झाडाच्या फांद्या छत्रीसारखं वरचं झेलतात, म्हणून बुंध्याभोवती पोकळी राहते, आणि तिच्यावर सायीसारखा पातळ पापुद्रा धरतो. बर्फात झाडाजवळची जागाच सगळ्यात दगाबाज. हे लिहून ठेवा. झाडाला टेकायला जाऊ नका.

"वर्षाची माय!" हे ओरडले आणि सरळ माझ्याकडे यायला निघाले. ईवायांनी त्यांच्या छातीवर काठी आडवी धरली. "नहीं भाईसाहब. आप बीच में." मग ते पोटावर आडवे झाले, काठी पुढं केली आणि मला हळूहळू ओढलं. मी बाहेर आले तेव्हा मला हसू फुटलं होतं, पण ईवायांचा चेहरा बर्फासारखा पांढरा. मला तेव्हा त्याचं नवल वाटलं. पडले मी, आणि भ्याले हे.

माझ्या पिशवीचं तोंड मात्र उघडलं होतं. ओटीचे तांदूळ बर्फावर सांडले. पांढऱ्यावर पांढरं. डोळ्यांना दिसेनात, बोटांना लागेनात. तिथं मात्र मला रडू आलं. पडल्याचं नाही, तांदळाचं. आपल्या बांधीतला दाणा लेकीच्या पदरात टाकायचा, तो असा मातीतही नाही, बर्फात गेला.

आमचे हे वाकले. "रडू नोको. मासोळीचं बी आपण पाण्यासकटच उचलतो ना?" त्यांनी दोन्ही ओंजळींनी तो वरचा बर्फच खरवडून पिशवीत भरला. जड झाली पिशवी. पाठीवर त्यांनीच घेतली आणि पोचेपर्यंत त्यांचा सदरा मागून भिजला.

दीड तासाची वाट, आम्हाला तीन तास लागले.

चुलीजवळ

वर्षा दारात उभी होती. पोट पुढं, गालांवर लाली. मी तिला धरलं, तर ती आधी माझे हात चोळायला लागली. लेक नर्स झाली की आईसुद्धा पेशंट होते.

"बोटं हलव. दुखून राहिले का?"

"आधी मले तुले पाहू तर दे."

घर लाकडाचं, मध्ये लोखंडी शेगडी, तिला ते तंदूर म्हणतात. त्यावर सतत पाणी तापत असतं. ईहिणीनं जेवायला सिड्डू केले होते, म्हणजे गव्हाच्या पिठाचे वाफवलेले, आत अक्रोडाचं सारण असलेले मुटके, वर तुपाची धार. दोन खाल्ले की संध्याकाळपर्यंत भूक नाही. ईवायांनी झिंगे पाहिले आणि मघापासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

मग ह्यांनी ती पिशवी एका पातेल्यात रिकामी केली आणि तंदुरावर ठेवली. बर्फ वितळला. तळाशी तांदूळ. वर देवदाराच्या सुया तरंगत होत्या. मी आणि ईहीन मांडी घालून एकेक सुई वेचायला बसलो. तिला मराठी येत नाही, माझी हिंदी अशीतशीच, पण वेचणाऱ्या बायांना भाषा फार लागत नाही.

मी म्हटलं, "भाईसाहब बहुत डर गये, मैं गिरी तो."

ती म्हणाली, "डरेंगे नहीं? वो रास्ता बहू के लिए बना रहे हैं. आप उसी के किनारे गिरीं."

मला कळलं नाही. तिनं पातेल्यातून हात काढला आणि नीट सांगितलं. नववा लागला की वर्षाला खाली शहरात न्यायचं ठरलं आहे. दवाखान्याला लागून खोली घेऊन ठेवली आहे. पण तेव्हाही बर्फ असणार. म्हणून पहिला बर्फ पडल्यापासून ईवाई प्रत्येक बर्फानंतर स्नोशू बांधून खाली रस्त्यापर्यंत जातात आणि वर येतात. एकदा डाव्या अंगानं, एकदा उजव्या. नवा थर दाबून ठेवला की रात्री तो गोठतो, दगड होतो. एकही थर चुकला तर आत मऊ राहतो आणि पुढं तिथंच पाय जातो. चालता नाही आलं तर वर्षाला पालखीत न्यावं लागेल, चार माणसं उचलतील, म्हणून वाट रुंद हवी.

"बोलते किसी को नहीं," ईहीन म्हणाली. "बहू पूछती है कहाँ गये थे, तो कहते हैं, घूमने."

मी सुया वेचत राहिले. एकही सुई उरली नव्हती, तरी वेचत राहिले.

संध्याकाळी ओटी भरली. ओले तांदूळ पदरात पडले तेव्हा वर्षा शहारली. "आई, थंडगार आहे वो!" सगळे हसले. ते तांदूळ ठेवण्यासारखे नव्हते, म्हणून लगेच त्यांची खीर केली आणि पाचही जणांनी खाल्ली.

तिसरा दिवस

दुसऱ्या दिवशी दिवसभर बर्फ पडला. आवाज नाही, काही नाही. खिडकीच्या काचेवर दिवस नुसता पांढरा होत गेला. वर्षा स्वेटर विणत होती आणि मी तिच्या पायाला तेल लावत होते. बोलायची वेळ हीच होती. तिकिटं माझ्या बटव्यात होती. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा तेलाची वाटी सरकवली.

तीच म्हणाली, "आई, बाबांच्या मोबाइलवर मेसेज आहे, परतीची तिकिटं तीन आहेत. तिसरं कोणाचं?"

मी तिच्या टाचेकडे पाहत राहिले. त्या टाचेला भेगा नव्हत्या. कोणीतरी रोज गरम पाणी देत होतं तिला.

"चुकून निघालं," मी म्हटलं.

वर्षानं सुया खाली ठेवल्या आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. ईवाई दाराशी बसून पट्टे आवळत होते. वर्षानं आतून विचारलं, "बापूजी, कहाँ?" आणि ते म्हणाले, "घूमने."

मी माझ्या फळ्या घेतल्या आणि त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नको म्हणायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. मागून आमचे हे आले. "मी बी येतो. तलावाची पाळ आमी अशीच दाबतो."

घरापासून उघड्या उतरणीच्या अलीकडपर्यंतच गेलो. पुढचं उद्या, बर्फ बसल्यावर, असं ईवाई म्हणाले. पुढं ते, मध्ये मी, मागं हे. ते डाव्या अंगानं चालले की आम्ही उजव्या. मी पाय उचलून दाबत होते, टाच आधी, मग चवडा. रोवणा करताना चिखलात पाय हलका ठेवायचा असतो, इथं सगळा भार टाकायचा. माझ्या अंगाचं वजन कधी कोणाच्या कामाला आलं असेल तर त्या दिवशी.

"किती आपटून राहिली!" मागून आवाज आला. "बर्फ आहे तो, साप नाही."

"तुमी तुमचं पाहा. तुमच्या पावलाखालचं मऊच राहून राहिलं."

ईवायांना शब्द कळले नसतील. पण पाठ हलत होती, म्हणजे हसत होते.

त्या मोठ्या देवदाराशी आलो तेव्हा माझा खड्डा नव्या बर्फानं झाकला गेला होता. ईवायांनी त्याच्या कडेला एक फांदी रोवली आणि तिला लाल चिंधी बांधली.

घरी

चौथ्या दिवशी निघालो. ईवाई बर्फाच्या भिंतीपर्यंत सोडायला आले. त्यांना नमस्कार करायला वाकले तर त्यांनी हात धरले. तिसरं तिकीट रद्द करून आम्ही दोघंच परत आलो. दिल्लीत आमच्या डब्यात तिसरी जागा रिकामी नव्हती. तिच्यावर एक कॉलेजची मुलगी बसली होती. मी तिला लाडू दिला.

सिहोऱ्यात लोकांनी विचारलं, पोरीला नाही आणलं का? मी म्हणायची, बर्फ आहे तिकडे. कुणी म्हणायचं, सासरचे सोडत नसतील. त्यावर मी काही बोलत नसे. सांगायला गेलं तर चार किलोमीटर लांब होतं. आणि खरं सांगायचं तर पहिले पंधरा दिवस मलाही रोज वाटे की आणायलाच हवं होतं. तिची खोली झाडून ठेवली होती. ती तशीच बंद करताना हात जड झाले.

मोबाइलवर त्या खोऱ्याचं हवामान बघायची सवय लागली. तिथं बर्फाचं चिन्ह दिसलं की मी ह्यांना सांगायची, "उद्या ईवाई जातील." आणि हे विचारायचे, "किती पडला?" जसं आमच्याच बांधीत पडला होता.

शिवरात्र झाल्यावर, उन्हाळी धानाचा रोवणा चालू असताना, भर सकाळी फोन वाजला. हात चिखलाचे होते, धुऱ्यावरच्या बाईनं फोन माझ्या कानाला धरला.

"आई, उतरली मी. चालत. पालखी नाही लागली."

"पाय रुतला का कोठी?"

"एकदाही नाही. मधोमध आली. बापूजी पुढं होते. जाऊन राहिली तर वाटलं, आपल्या अंगणातूनच जाऊन राहिली."

तिनं फोन ईवायांना दिला. दोन्हीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग धुऱ्यावरच्या बाईचा हात दुखायला लागला.

संध्याकाळी हवामान पाहिलं. त्या खोऱ्यात रात्री जोरदार बर्फ होणार, असं दाखवत होतं. मी फोन बंद करून उशाशी ठेवला. पडू दे म्हटलं, आता कितीही.